आठवा नंबर बरा होता

नाही, मी म्हणतो, आठव्या नंबरात वाईट काय होतं हो? एकोणीस वर्षं आठवे होतो आम्ही. आठात आठवे! कुणाच्या डोळ्यावर येणं नाही, कुणाशी वाकडं नाही, रात्री उशीवर डोकं टेकलं की घोरायला सुरुवात! आणि आता बघा माझ्याकडे. कॉफीचा मग उचलला की अर्धी कॉफी शर्टावर. सकाळी दाढी करायला गेलो तर मार्लिस, माझी बायको, हातातून ब्लेड काढून घेते, "दे इकडं, सीझन संपायच्या आधीच कान घालवशील." आणि हे सगळं कशानं? आजारानं? नाही. दारूनं? नाही. पहिल्या नंबरानं! पहिला नंबर दिला हो आम्हाला, पहिला!

तुम्हाला सांगतो, मी हार्लन ओल्टमन, विलो फोर्क कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कोच. टीमचं नाव नांगरवाले. हसू नका! चहूकडे मका आणि सोयाबीन, दुसरं काय नाव ठेवणार? समुद्री चाचे? तसं तेही आहेत म्हणा आमच्या टॉलग्रास कॉन्फरन्स नावाच्या लीगमध्ये, समुद्र कुणी बघितलेला नाही, पण चाचे आहेत. तर अशी आठ कॉलेजं, सगळी आयोवात, आणि दरवर्षी ऑक्टोबरात, मका अजून शेतात उभा असतो, एक सामना झालेला नसतो, चेंडूत हवासुद्धा धड भरलेली नसते, तेव्हा आमच्याकडे अंदाज जाहीर होतो. यंदा पहिलं कोण येणार, दुसरं कोण, आठवं कोण. आणि हे ठरवतं कोण? आम्हीच! आठ कोच. प्रत्येकानं बाकीच्या सातांना नंबर द्यायचे, स्वतःच्या टीमला मत द्यायला बंदी. मग ते पेपरात येतं, रेडिओवर येतं, न्हाव्याच्या दुकानात येतं, आणि वसंत येईपर्यंत तोच नंबर तुमच्या कपाळावर.

आता आठव्या नंबराचं सुख तुम्हाला काय सांगू! आठवा म्हटल्यावर कुणी काही मागतच नाही हो तुमच्याकडे. हरलात? "चालायचंच." जिंकलात? "अरे वा वा वा!" एका वर्षी अंदाज आठवा असताना आम्ही पाचवे आलो. पाचवे! गावानं अग्निशमनाची गाडी बाहेर काढली, पोरांना वर बसवलं, सायरन वाजवत धान्याच्या कोठारापर्यंत मिरवणूक, गावातल्या मिसेस ग्रोनवोल्ड तर कुंपणाला धरून रडल्या… पाचव्या नंबरासाठी! पहिला आलेल्याला कुणी मिरवलं असं? तो जिंकला तर "त्यात काय एवढं", आणि हरला तर "कोचला हाकला"! आठवा नंबर बरा होता हो, आठवा नंबर!

मग हा पहिला नंबर आला कुठून? सांगतो. सगळं त्या जेवणात झालं. अंदाजाच्या आधी, सप्टेंबरात, आम्ही आठही कोच एकत्र जेवतो. गस वोंड्राच्या गावात, चर्चच्या तळघरात. गस म्हणजे माझा जुना दोस्त आणि कायम पहिल्या-दुसऱ्या नंबरावरचा कोच. जेवायला चिली, म्हणजे बीन्स-खिम्याचा तिखट रस्सा, आणि बरोबर दालचिनीचा रोल, दुसरं काय असणार. आणि जेवण झालं की एकेकानं उभं राहून आपल्या टीमबद्दल बोलायचं. त्याची एक रीत आहे. ती कुणी लिहून ठेवलेली नाही, कुणी कुणाला शिकवत नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. ज्याची टीम चांगली त्यानं रडायचं. जितकी चांगली टीम तितकं जास्त रडायचं. कारण पहिला नंबर कुणालाच नको असतो हो! आणि ज्याची टीम भिकार, त्यानं फुशारकी मारायची. बस्स. सगळ्यांना सगळं कळतं, वरून सगळे माना डोलावतात.

गेल्या वर्षी गस उभा राहिला, रुमाल डोळ्याला, "काय सांगू बाबांनो, माझ्या त्या मोठ्या पोराचा गुडघा गेला रे… कुबड्या घेऊन वर्गात जातो बिचारा…" आणि तळघराच्या खिडकीतून तोच पोरगा दिसतोय, बाहेर गाडी धुतोय, आणि गाडीचं टप पुसायला त्याला टाचासुद्धा वर कराव्या लागत नाहीत! आम्ही सगळ्यांनी बघितलं. कुणी हसलं नाही. गुपचूप गसला पहिला नंबर दिला. आणि मी? एकोणीस वर्षं मी एकच वाक्य बोलतोय. "यंदा पोरं फार सुधारलीत." एवढं बोलून बसायचं. सगळे "छान छान" म्हणायचे आणि आठवा नंबर द्यायचे. कसं सुरळीत चाललं होतं!

पण यंदा काय झालं… यंदा माझ्याकडे तीन बरी पोरं होती. बरी म्हणजे चेंडू अंगावर आला तर डोळे न मिटणारी. त्यातलं एक जुलैत मोठ्या कॉलेजनं पळवलं, एका फोनवर! दुसऱ्याचं लग्न ठरलं, सासऱ्याचा मिनेसोटात टर्की पक्षी पाळायचा धंदा, गेला तो तिकडं टर्क्या सांभाळायला. तिसरा बापाच्या कोठाराच्या शिडीवरून घसरला, पाय प्लास्टरमध्ये. उरले कोण? चार बुटके. गुणी पोरं हो, आईवडिलांना मान देणारी, पण बुटकी! आणि उंच म्हणावं असं अख्ख्या कॉलेजात एकच माणूस, एमेट ब्रेके. सहा फूट दहा इंच! तो काय करतो? कॉलेजच्या बँडमध्ये टूबा वाजवतो. ते भलंथोरलं पितळी वेटोळं अंगाभोवती घ्यायचं आणि फुंकायचं… भों… भों… जन्मात त्यानं चेंडूला हात लावलेला नाही. मी त्याच्यापुढे हात जोडले, त्याच्या आईला फोन केला, बँडमास्तरचे पाय धरले, वर मार्लिसच्या हातचा ॲपल पाय नेऊन दिला, तेव्हा कुठे पोरगा मिळाला.

तर त्या जेवणात माझी पाळी आली. उभा राहिलो. म्हणायचं एवढंच होतं, "यंदा पोरं फार सुधारलीत." तोंड उघडलं, "यंदा पोरं फार सु…" आणि पुढचं निघेचना हो! डोळ्यांपुढे ते चार बुटके आले, तो टूबा आला, आणि मला रडू फुटलं. खोटं नाही! खरंखुरं, नाक गळणारं! म्हटलं, "माझ्याकडे कुणी नाही रे… चार बुटके आणि एक टूबा आहे…"

गसचा रोल तोंडाजवळ थांबला.

"टूबा?"

"टूबा."

"उंची काय म्हणालास?"

"सहा दहा."

"आणि तो… बँडमध्ये असतो म्हणतोस."

"हो रे!"

"कधी खेळलेला नाही."

"जन्मात नाही!"

गसनं रोल खाली ठेवला. ज्या गसनं सख्ख्या चुलत्याच्या अंत्यविधीच्या जेवणातही रोल खाली ठेवला नव्हता, त्यानं! सातही जण एकमेकांकडे बघायला लागले. मग गस उठला, माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाला, "वाईट झालं रे हार्ल्या, फार वाईट झालं." त्याच्या डोळ्यांत काहीतरी होतं. मला वाटलं, माणुसकी आहे. ती भीती होती हो, भीती! मला काय ठाऊक! त्यांचं डोकं कसं चाललं बघा. एकोणीस वर्षं न रडलेला ओल्टमन रडला! नाक गळेपर्यंत रडला! म्हणजे त्याच्याकडे काहीतरी भयंकर आहे! सहा फूट दहा इंच आणि म्हणे बँडमध्ये लपवलाय!

ऑक्टोबरात मी अंगणात पानं गोळा करत होतो. मार्लिस फोन हातात घेऊन बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"हार्लन, पहिला."

"कोण, गस?"

"तू."

"कशात?"

"सातपैकी सात मतं, हार्लन. सगळ्यांनी तुलाच पहिला दिलाय."

दाताळं हातातून पडलं, मी त्यावर पाय दिला, त्याचा दांडा उलटून माझ्या कपाळावर. तो पहिल्या नंबराचा पहिला फटका.

दुसऱ्या दिवशी प्रेसिडेंटचं बोलावणं. हे डॉक्टर हॅवरकॅम्प, आमच्या कॉलेजचे नवे प्रेसिडेंट. आधी कुठल्याशा मटारबिटार गोठवणाऱ्या कंपनीत मोठे साहेब होते. बास्केटबॉलमधलं त्यांना एवढंच कळतं की चेंडू गोल असतो. माणूस गोड हो! पण लक्ष्य, लक्ष्य, सारखं लक्ष्य!

"या कोच, या! अभिनंदन! विश्वस्त नुसते नाचतायत!"

म्हटलं, "सर, त्यांना खाली बसवा. चूक झालीय. माझी टीम आठवीसुद्धा नाही, आमच्यासाठी नववा नंबर काढायला हवा."

ते हसले. "वोंड्रा म्हणालेच होते, तुम्ही असंच म्हणाल."

गस! गसनं यांना आधीच फोन केलेला! मग साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, अगदी गोडीनं म्हणाले बरं का, "कोच, तुमचा करार मार्चमध्ये संपतोय. मी मागचं सगळं पाहिलं. लक्ष्य आठवा, आलात आठवे. लक्ष्य आठवा, आलात सातवे. उत्तम कामगिरी! मी डोळे मिटून सही केली असती. पण यंदा लक्ष्य पहिला आहे. पहिल्याचे चौथे-पाचवे झालात, तर विश्वस्तांना मी काय सांगू? मग मार्चमध्ये आपल्याला एकमेकांचा निरोप घ्यावा लागेल."

ऐकलंत? आठव्याचा सातवा झालो तर उत्तम! पहिल्याचा दुसरा झालो तरी कठीण! आठवा नंबर बरा होता की नाही, तुम्हीच सांगा!

आणि नुसती नोकरी गेली तर एक वेळ चाललं असतं हो. घर कॉलेजचं आहे! जिमच्या मागचं ते पांढरं घर, कोचला राहायला दिलेलं. कोच गेला की घर गेलं. आणि घराच्या मागं मार्लिसच्या पिओनी आहेत. मोठमोठी गुलाबी फुलं येतात, जमिनीत गड्डे असतात त्यांचे. तिच्या आजीच्या अंगणातून तिच्या आईनं आणले, आईच्या अंगणातून हिनं. आई गेली त्या वर्षी मार्लिस तासन्‌तास त्या झुडपांजवळ खुर्ची टाकून बसायची. ते मी पाहिलंय. म्हणून सांगतो, माझी भीती हरण्याची नाही. मी एकोणीस वर्षं हरतोय, हरण्यात मला कुणी शिकवू नये! माझी भीती त्या अंगणाची आहे.

घरी येऊन सांगितलं. मार्लिस बटाटे सोलत होती. सोलणं थांबलं नाही. म्हणाली, "पिओनी थंडीच्या आधीच काढाव्या लागतात, हार्लन. जमीन गोठली की कुदळ लागत नाही. मार्चमध्ये जायचं असेल तर गड्डे आत्ताच काढायला हवेत. आपण जाणार का राहणार, एवढं सांग."

आता मी काय सांगू? तिथून पुढे रोज संध्याकाळी तेच. मी दारात पाऊल टाकलं की, "काढू की ठेवू?" सरावाला काय झालं, पोरं कशी आहेत, काही नाही. "काढू की ठेवू?" मी म्हणायचो, "आठवडाभर थांब." आणि ती खिडकीतून आभाळाकडे बघायची, बर्फ कधी येतंय म्हणून.

म्हटलं, गसला गाठावं. फोन लावला. "गस, अरे देवाशपथ सांगतो, मी त्या दिवशी खरं बोललो रे!"

गस म्हणाला, "हार्ल्या, इतक्या वर्षांची ओळख आहे आपली. मला बनवू नकोस. कुठला आहे? सर्बियाहून आणलास? तिकडचे खेळाडू असेच ताडमाड असतात."

"कोण?"

"टूबा!"

"अरे इथल्याच, आयोवातल्या डेकोराचा आहे! ब्रेके पशुवैद्याचा मुलगा!"

"डेकोरा," गस म्हणाला. "छान छान. आम्हीही सांगू हो डेकोरा." आणि फोन ठेवला!

आणि तो टूबा, तो एमेट, त्याचं काय सांगू तुम्हाला! पहिल्या सरावाला आला, उभा राहिला, दिव्यांचा उजेड अडला. मला वाटलं, चला, निदान उभा तरी राहील. एका बुटक्यानं त्याच्याकडे चेंडू टाकला. यानं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, नवं बाळ कुणीतरी हातात दिल्यासारखा, आणि हलेचना! म्हटलं, "एमेट, आपटत आपटत पुढं ने." तर म्हणतो, "सॉरी, कोच, फुटणार तर नाही ना?" बास्केटखाली उभा केला, म्हटलं, वरून टाक, तुला उडीसुद्धा मारायला नको. यानं चेंडू फळीच्या वरून मागं, बँडच्या जागेत टाकला. सवय हो! समोरच्याचा धक्का लागला तर हाच म्हणतो "सॉरी." चेंडू हुकला तर चेंडूला "सॉरी." दम मात्र असा की संपत नाही, दोन तास पळवला तरी गालावर लाली नाही. फुप्फुसं टूबानं केलेली! पण फुप्फुसांनी काय बास्केट होतात?

मग ऑक्टोबर संपता संपता सरावाचा सामना, दोनच वर्षांचे कोर्स असलेल्या एका छोट्या कॉलेजशी. हरलो! असे हरलो, असे हरलो की शेवटी गुण दाखवणाऱ्या माणसानं लाजेनं पाटी बंद केली. आणि मी? बाकावर बसून आनंदानं टाळ्या वाजवतोय! म्हटलं, आता तरी सुटलो! आता सगळ्यांना कळेल! कारण प्रेक्षकांत पॉपकॉर्नच्या मशीनमागं गस बसलेला मला दिसत होता, कानापर्यंत टोपी, काळा चष्मा, गळ्यात दुर्बीण. नोव्हेंबर तोंडावर आलाय, जिममध्ये काळा चष्मा! म्हटलं, बघ बाबा, डोळे भरून बघ.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर गस काय म्हणाला? "मी एवढंच म्हणेन की ओल्टमन फार धूर्त माणूस आहे. त्यानं काल काहीही दाखवलं नाही. त्या मोठ्या पोराला तर त्यानं चेंडू खाली पाडायला लावला, तेही इतकं खरं वाटेल असं. मी पोरांना सांगितलंय, सावध राहा."

बोंबला! मी खाली मान घालून हरलो तर तेही डावपेच! मार्लिस म्हणाली, "काढू की ठेवू?"

मग मला वाटलं, अरे, रीत उलटी लावावी! रडलो म्हणून पहिला दिला ना? आता फुशारकी मारतो! फुशारकी मारली की आपोआप सगळ्यांना कळेल, टीम भिकार आहे. साधा हिशेब! गेलो रेडिओवर. छाती पुढं काढली आणि म्हटलं, "आमचे नांगरवाले यंदा सगळ्यांना जमिनीत गाडतील! सगळ्यांना! कुणी समोर येऊ नये!" आवाज कापत होता, पण म्हणालो. बाहेर आलो, हलकं वाटलं. दोन दिवस झोपलो हो, चांगला झोपलो!

तिसऱ्या दिवशी हायवेवरून येत होतो. धान्याच्या कोठारावर, कुठूनही दिसेल असा, चार मजली फलक. माझा फोटो. खाली हे मोठाले शब्द, "सगळ्यांना जमिनीत गाडतील! – कोच ओल्टमन." हॅवरकॅम्प साहेबांनी लावलेला! आणि बाकीच्या कोचांनी काय म्हणावं? म्हणे, "आधी रडला, आता लपवायचीही गरज वाटत नाही त्याला." मी गाडी बाजूला घेतली आणि त्या माझ्याच थोबाडाकडे बघत बसलो. केवढी मोठी हनुवटी! कुणाची नसेल एवढी हिंमत त्या फोटोत होती, आणि खाली गाडीत मी, पाचावर धारण बसलेला. आठवा नंबर… आठव्या नंबराचा कधी कुणी फलक लावला होता का हो?

आणि मग आला पहिला सामना, गसच्याच टीमशी, आमच्याच जिममध्ये, शनिवारी दुपारी. सगळं गाव! जिथे एरवी माणसं मोजायला एक हात पुरायचा, तिथे लोक पायऱ्यांवर, खिडक्यांवर! विश्वस्त पुढच्या रांगेत. साहेब मध्यभागी, नांगराचं चित्र असलेली टोपी घालून. मार्लिस नेहमीच्या कोपऱ्यात. मी उभा राहिलो की बसत होतो, बसलो की उठत होतो.

सामना सुरू झाला. मी डोळे मिटून घेतले. गलका झाला, डोळे उघडले, तर काय? गसनं एमेटच्या अंगावर तीन गडी सोडलेले! तीन! एक पुढं, एक मागं, एक काखेत. एमेट मधोमध उभा, "सॉरी, सॉरी" म्हणतोय. आणि तिकडे माझे चार बुटके मोकळे! चौघांसमोर दोघंच! ज्यांना अडवायला कुणी नाही अशा माणसांनी बास्केट टाकायला काय लागतं हो? माझ्या पोरांनीसुद्धा टाकले! थोडे चुकले, बरेच चुकले, पण टाकले! गस बाकावरून ओरडतोय, "टूबाला सोडू नका! टूबाला सोडू नका!" शेवटपर्यंत सोडला नाही. एमेटनं अख्ख्या सामन्यात चेंडूला हात लावला नाही. आणि आम्ही जिंकलो!

जिंकलो हो! छत उडायचं बाकी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मार्लिसकडे बघितलं, दोन्ही हातांनी खूण केली, ठेव! पिओनी ठेव! ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली.

आणि तेवढ्यात जिमच्या बाहेर निघालो, तर बोळात गस भेटला. भिंतीला टेकून उभा. रडत होता.

"हार्ल्या, माझ्याकडे कुणी उरलं नाही रे," गस म्हणाला. "दोन पोरं नापास होऊन बसलीत, एकाला गालगुंड झालंय. मी संपलो रे."

आणि नाक गळत होतं त्याचं. खरंखुरं! गस रडतोय. जेवणात सगळ्यांना दाखवायला नाही, हरल्यावर, एकटा, बोळात, कुणी बघत नसताना! मी कसाबसा त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं, "वाईट झालं रे." आणि तडक घरी.

"मार्लिस, गस रडत होता."

"खोटं?"

"खरं. नाकातून."

तिचा चेहरा उतरला. तीही कोचचीच बायको, तिला सांगावं लागलं नाही. "म्हणजे त्यानं कुणीतरी लपवलाय. जानेवारीत त्याच्याशी परतीचा सामना आहे, त्याच्या गावी."

"हो."

मग ती गॅरेजमध्ये गेली, कुदळ आणली.

रविवारी सकाळी, सगळं गाव चर्चमध्ये, आणि आम्ही दोघं मागच्या अंगणात खणतोय. वर बोटभर जमीन गोठलेली, ती फोडली, खाली अजून मऊ होती. मी गड्डे वर काढायचे, तिनं माती झटकून पोत्यात गुंडाळायचे. तिची बोटं मातीत गार पडली होती, तरी हातमोजे घालेना. एक मोठा गड्डा माझ्या कुदळीनं चिरला. ती त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिली. तेव्हा मला कसं झालं, ते काही मी तुम्हाला सांगू शकत नाही.

चर्च सुटलं. गाड्या निघाल्या. आमच्या कुंपणाशी आल्या की प्रत्येक गाडी हळू व्हायची. मिसेस ग्रोनवोल्ड काच खाली करून, "अगंबाई, पिओनी काढतेस? पिओनी?" आणि भुर्रकन पुढं. एवढंच! तेवढ्यावर गावानं काय ठरवावं? पहिलाच सामना जिंकला, दुसऱ्याच दिवशी चर्च चुकवलं, बायकोच्या आईच्या पिओनी खणून काढल्या, म्हणजे मोठ्या विद्यापीठानं ओल्टमनला उचललं! पोहोचली बातमी. अर्ध्या तासात हॅवरकॅम्प साहेब धावत आले. धावत! चर्चला जायच्या बुटांनी, चिखलातून!

"कोच! कोण आहे? कुणी बोलावलं तुम्हाला?"

म्हटलं, "कुणी नाही हो! तुम्ही घालवाल म्हणून खणतोय!"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच हसले. "मला आता तुमची पद्धत कळायला लागलीय. बोला, किती वर्षं हवीत? पाच? पाच वर्षांचा करार. घरासकट. अंगणासकट!"

मार्लिस हातात गड्डा घेऊन उभी राहिली. मी कुदळीला धरून उभा. घर राहिलं! अंगण राहिलं!

"आणि पाचही वर्षं," साहेब म्हणाले, "लक्ष्य एकच. पहिला."

तर आता अशी परिस्थिती आहे. त्या रात्री बर्फ पडलं, जमीन दगड झाली, गड्डे परत लावता येईनात. वसंत येईपर्यंत ओल्या भुशात ठेवायचेत, आणि घरात तेवढी मोठी जागा एकच, बाथटब. म्हणून मी अंघोळीला जिममध्ये जातो. शेजारच्या शॉवरखाली एमेट असतो, त्याचं डोकं पाइपाला लागतं, तो पाइपाला "सॉरी" म्हणतो. परवा अजून एक सामना जिंकलो आम्ही. पुन्हा तीन गडी त्याच्या अंगावर! दर सामन्याला मला वाटतं, आज कुणीतरी त्याच्याकडे नीट बघेल, आज कळेल… आणि असं पाच वर्षं! सप्टेंबरात परत ते जेवण आहे. तिथे मी बोलू काय? रडलो तर पहिला. फुशारकी मारली तर पहिला. गप्प बसलो तर म्हणतील, बोलायचीही गरज नाही त्याला. मार्लिस म्हणते, "जाऊच नकोस." अगं, नाही गेलो तर काय म्हणतील!

आणि गस? गसनं कुणी लपवलेला नव्हता हो. खरंच बोलला होता बिचारा. त्या दिवसापासून सगळे सामने हरलाय. आज तक्त्यात आठवा कोण आहे, माहितीये? गस वोंड्रा! काल रात्री धीर द्यायला म्हणून मी त्याला फोन केला, तर नऊलाच झोपला होता. उठला, फोनवर जांभया देत होता लेकाचा. म्हणाला, "हार्ल्या, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस रे, इथे इतकं बरं असतं म्हणून?"